पाणी मुबलक येते

आमच्या घरात पाण्याची पारख तुरीच्या डाळीवर व्हायची. खाणीतल्या डबक्याचं पाणी असलं की डाळ दोन दोन तास रटरटली तरी शिजत नसे. वर पिवळं पाणी आणि तळाशी टणक डाळ. तीच डाळ व्हॉल्व्हच्या पाण्यात भाकऱ्या भाजून होईपर्यंत मऊ व्हायची. आई पळीनं एक दाणा उचलायची, दोन बोटांत चिरडायची आणि माझ्याकडे बघायची. व्हॉल्व्हवरची रांग टाळून मी कळशी डबक्यावर भरून आणली असेल, तर ते तिथं उघडं पडायचं. ती ओरडत नसे. ती डाळ तशीच माझ्या ताटात वाढायची आणि स्वतःही तीच खायची. ठेचा, ज्वारीची भाकरी आणि दाताखाली कचकचणारी डाळ. त्यातलं किती कचकचणं डाळीचं आणि किती दगडाच्या भुकटीचं, ते कुणालाच सांगता आलं नसतं. आमच्या वस्तीत भुकटी सगळ्यात असायची. ती पिठात, केसांत आणि वहीच्या पानांत असायची, आणि झोपताना डोळ्यांच्या कडांतही.

वस्ती ठाणे-बेलापूर रस्त्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात होती. कातळपाडा म्हणायचे. खाली रस्ता, रस्त्यापलीकडे कारखाने, त्यापलीकडे खाडीकडचं जुनं गाव आणि दक्षिणेकडे नकाशावर आधी काढून मग बांधलेलं नवं शहर. त्या शहराच्या भिंतींना लागणारी खडी आमच्या डोंगरातून जायची. वडील माण तालुक्यातून आले ते दगड फोडायची सुतकी-छिन्नी घेऊन, आणि खाणीवरच राहिले. पत्र्याच्या तीन भिंती आणि चौथी भिंत कातळाचीच, असं आमचं घर होतं. पावसाळ्यात ती चौथी भिंत पाझरायची आणि उन्हाळ्यात तापायची. दिवसभर खडी फोडणाऱ्या क्रशरची घरघर चालू असे. ती इतकी सवयीची होती की रविवारी क्रशर बंद पडला की कानात काहीतरी बिघडल्यासारखं वाटायचं. दुपारी सुरुंगाची शिट्टी झाली की आई चुलीवरचं भांडं झाकायची आणि आम्ही दाराच्या चौकटीखाली उभे राहायचो. धमाका झाला, पत्रे थरथरले, की पुन्हा कामाला लागायचो.

व्हॉल्व्ह म्हणजे कारखान्यांना पाणी नेणाऱ्या जाड पाइपलाइनीचा एक गळका सांधा. पाइप डोंगराच्या पायथ्यानं जायचा आणि एका जागी त्याला चाक बसवलेलं होतं. त्या चाकाखालून सतत फुसफुसत पाणी यायचं. बायका तिथं फडकं बांधून धार एका जागी आणायच्या आणि एकामागून एक हंडा लावायच्या. एक हंडा भरायला जितका वेळ लागे तितक्यात मला इतिहासाचा एक धडा पाठ व्हायचा. मधूनच कुणी कामगार यायचा, पान्यानं सांधा आवळायचा आणि निघून जायचा. मग आठवडाभर धार बारीक व्हायची आणि भांडणं वाढायची. आमचं पिण्याचं पाणी म्हणजे दुसऱ्याच्या पाण्याची गळती होती. ती दुरुस्त होऊ नये अशी प्रार्थना करणारी माणसं होतो आम्ही.

दुसरी गोष्ट सांगायला आजही जीभ रेटत नाही, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. वस्तीत संडास नव्हता. पुरुष कुठेही जायचे. बायकांसाठी खाणीच्या वरच्या अंगाला करवंदीच्या जाळ्यांचा एक उतार होता. तिथं उजाडायच्या आधी जायचं, नाहीतर दिवे लागल्यावर. मधला सगळा दिवस पोट धरून काढायचा. आम्ही मुली शाळेत पाणी पीत नसू. बाईंनी एकदा विचारलं, तुम्हाला तहान लागत नाही का. आम्ही हसलो. शकी तर कोरडी पडलेली जीभ बाहेर काढून दाखवायची आणि आम्हाला हसवायची.

शकी म्हणजे शकुंतला, हौसाक्काची मुलगी. आमच्या घराला तिचं घर पाठीला पाठ लावून होतं. मधल्या पत्र्याला एक भोक होतं, त्यातून आम्ही गणिताची उत्तरं एकमेकींना सांगायचो. दोघी नववीत, एकाच बाकावर. ती गणितात पुढे आणि मी मराठीत. माझं अक्षर चांगलं होतं. हे मी आता कौतुक म्हणून लिहीत नाही. पुढे सगळं त्या अक्षरापासूनच झालं, म्हणून लिहिते आहे.

संडासाचं काम मंजूर झालं ते आईमुळे. आईचं नाव अनसूया, आणि वस्तीत भीती नसलेली बाई ती एकटीच होती. कुठल्याशा योजनेतून वस्त्यांना नळ आणि संडास मिळणार असं तिनं रेशनच्या दुकानात ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी आठ-दहा बायका घेऊन ती खाली गावातल्या नानांकडे गेली. नाना या भागातलं मोठं प्रस्थ होतं. त्यांची भातशेती आणि मिठागर शहरासाठी गेलेलं. स्वतःच्या विहिरीचं पाणी खारट झालेलं, आणि मग ते बांधकामाची कामं घेऊ लागले होते. त्यांच्याच गावठाणात गटार नव्हतं. म्हणजे आमची अडचण त्यांना समजत नव्हती असं मला म्हणता येणार नाही. त्यांनी बायकांना बसवलं, पाणी दिलं, आणि योजनेत वस्तीचा हिस्सा म्हणून श्रमदान लागतं असं सांगितलं. आईनं हो म्हटलं. पुढचे दोन महिने वस्तीतल्या बायका खाणीवरची पाळी संपली की घमेली घेऊन टाकीचा खड्डा खणायच्या. कातळ होता. माझी आई आणि हौसाक्का, दोघी पहार मारायच्या. तळहात फुटले तेव्हा आईनं हळद लावून चिंध्या बांधल्या आणि तशीच भाकरी थापली. भाकरीवर हळदीचे डाग उमटलेले मला आठवतात.

बांधकाम झालं. बायकांच्या बाजूला पाच आणि पुरुषांच्या बाजूला पाच, गुलाबी रंग, वर काळी टाकी. टाकीपासून नळ्या आत गेलेल्या, प्रत्येक दाराआड तोटी. फक्त टाकीत पाणी आणणारी नळी कुठून येणार, ते कुणी सांगत नव्हतं. एक पाइप भिंतीतून हातभर बाहेर आला होता आणि तिथंच संपला होता. आई रोज जाऊन तो पाइप बघायची. त्याच्या तोंडात पोरं खडे भरायची, ती काढायची.

मग एका संध्याकाळी नाना आमच्या घरी आले. आईनं गूळ घालून चहा केला. नाना पत्र्याच्या पेटीवर बसले आणि म्हणाले की चार दिवसांनी पाहुणे येणार, काम बघणार, उद्घाटन होणार. त्यांना वस्तीतर्फे एक पत्र द्यायचं आहे. शाळेतल्या बाईंकडून त्यांनी माझं नाव ऐकलं होतं. आई हौसाक्काकडे मीठ मागायला गेली तेवढ्यात त्यांनी खिशातून एक मजकूर काढला आणि मला दिला. तो खूप वाईट मराठीत होता. मी वाचला. त्यात लिहिलं होतं की वस्तीत नळ आला आहे.

मी म्हटलं, नळ कुठे आलाय.

"पोरी, असा असतंय," नाना शांतपणे म्हणाले, "काम पुरा झाला असा कागद गेल्याबिगर पुढचा काम मंजूर होत नाय. आज लिवलास तर म्हैन्याभरात पानी येल. नाय लिवलास तर फाईल तितंच पडून राहील. तुज्या आयशीला हे समजनार नाय. तू शिकलेली हायस."

तू शिकलेली आहेस. पंधरा वर्षांच्या मुलीला हे वाक्य पुरतं. त्यावर त्यांनी एवढंच जोडलं की पत्र मीच माइकवर वाचायचं. मी आजवर माइकला हात लावलेला नव्हता. नानांनी मला फसवलं असं पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत राहिले. पण त्या संध्याकाळी कुणी माझा हात धरून लिहून घेतलं नाही. नाना गेल्यावर मी कंदील जवळ ओढला, वहीचं मधलं कोरं पान फाडलं आणि तो वाईट मराठीतला मजकूर चांगल्या मराठीत लिहायला बसले. आणि मला मजा येत होती. खोटं लिहिण्यात एक सोय असते, आपल्याला हवे ते शब्द घेता येतात. "आमच्या वस्तीत नळाचे पाणी मुबलक व नियमित येते. महिलांची वर्षानुवर्षांची गैरसोय कायमची दूर झाली आहे. या उपकारांतून आम्ही उतराई होऊ शकत नाही." उतराई हा शब्द मी त्याच आठवड्यात शिकले होते.

दुसऱ्या दिवशी बायका अंगठे द्यायला आमच्या दारात जमल्या. शाईचा पॅड नानांनी पाठवला होता. आईचा अंगठा पहिला. तिनं कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला, अक्षरांवरून नजर फिरवली, आणि तिच्या चेहऱ्यावर अभिमान दिसला. तो मला अजूनही जसाच्या तसा दिसतो.

"काय लिवलंयस?" तिनं विचारलं.

"आभाराचं पत्र आहे."

"पाण्याचं लिवलंयस का त्यात?"

"लिहिलंय," मी म्हटलं.

तिनं अंगठा उमटवला. तिच्यामागून हौसाक्कानं उमटवला, मग बाकीच्यांनी. मी खोटं बोलले नव्हते. पाण्याचं लिहिलंच होतं.

उद्घाटनाच्या सकाळी एक टँकर आला. ज्या रस्त्यानं आजवर डंपरशिवाय काही चढलं नव्हतं, त्या रस्त्यानं तो गुरगुरत वर आला आणि काळी टाकी भरून गेला. पाहुणे आले. त्यांच्यातल्या एका बाईंनी स्वतः तोटी फिरवली, पाणी आलं, टाळ्या झाल्या. मी शकीचा निळा फ्रॉक घातला होता, कारण माझा कोपरावर उसवला होता. मी माइकवर पत्र वाचलं. क्रशर त्या दिवसापुरता बंद ठेवला होता, त्यामुळे माझा आवाज समोरच्या कातळावर आपटून परत येत होता. 'मुबलक' शब्द दोनदा ऐकू आला. तेव्हा, म्हणजे अगदी त्या क्षणी, मी आईकडे बघितलं. तिला मुबलक कळत नव्हतं. पण "नळाचे पाणी येते" कळत होतं. ती भुवया आक्रसून माझ्याकडे बघत होती. नंतर तिनं विचारलं तर सांगायचं उत्तर मी मनात तयार ठेवलं होतं, की पाहुण्यांसमोर असंच बोलायचं असतं. तिनं विचारलं नाही. मला वाटतं, टाकीत पाणी दिसत होतं तोवर तिला विचारायचं नव्हतं.

टाकी दोन दिवस पुरली. तिसऱ्या दिवशी तोट्या कोरड्या झाल्या. आठव्या दिवशी संडास तुंबले. बायकांनी डबक्यावरून हंडे आणून ओतले, पण दहा संडासांना किती हंडे पुरणार? ज्या बाईनं दिवसभर खडी फोडली, तिनं घरच्या पाण्याच्या खेपा घालायच्या की संडासाच्या? महिना गेला, दोन गेले. भिंतीतून आलेला पाइप तसाच होता. एक दिवस नानांच्या माणसानं येऊन दाराला कुलूप लावलं, घाण होते म्हणून. बायका पुन्हा उताराला जाऊ लागल्या. तेवढ्या काळात खाणीची कड मात्र पुढे सरकली होती. करवंदीच्या अर्ध्या जाळ्या खाली गेल्या होत्या.

शकी पडली ती भरदुपारी. त्या आठवड्यात वस्तीत सगळ्यांचीच पोटं बिघडली होती. व्हॉल्व्ह आवळला होता आणि सगळे डबक्याचं पाणी पीत होते. शकी सकाळपासून कळा सोसत होती. दुपारी तिला थांबवेना. उजेडात त्या उताराला आडोसा उरला नव्हता, खालच्या रस्त्यावर डंपर उभे होते, ड्रायव्हर जेवत बसले होते. म्हणून ती कडेच्या पलीकडे, दगडाच्या एका पायरीवर उतरली. ती पायरी सुरुंगांनी सुटलेली होती. मी घरात चिंचेचं सार ढवळत होते. खालून माणसांचा गलका ऐकू आला, आणि मग क्रशर थांबला. क्रशर कधी मध्येच थांबत नसे. मी बाहेर पळाले तेव्हा माझे वडील आणि आणखी दोघं तिला गोधडीत घालून डंपरकडे नेत होते. ती शुद्धीत होती. तिनं कुणाला तरी सांगितलं की माझ्या अंगावर आधी काहीतरी टाका.

खुबा मोडला होता. ती दवाखान्यातून परत आली ती कमरेपासून पायापर्यंत प्लास्टर घालून. शाळा सुटली ती सुटलीच. एक पाय आखूड राहिला.

ती घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी आई आणि हौसाक्का योजनेच्या कार्यालयात निघाल्या, आणि आईनं मला बरोबर घेतलं. लिहायला-वाचायला कुणी हवं म्हणून. मी पोट दुखतंय म्हटलं. आई म्हणाली, पोट सगळ्यांचंच दुखतंय, चल. बसमध्ये मी खिडकीशी बसले आणि मला वाटत राहिलं की कार्यालय बंद असेल, साहेब नसतील, फाईल हरवली असेल. फाईल हरवली नव्हती. टेबलापलीकडचे कारकून पन्नाशीचे, सभ्य गृहस्थ होते. त्यांनी आम्हाला बाकावर बसवलं, आईचं सगळं ऐकून घेतलं. पोरगी कशी पडली, कुलूप कसं लागलं, पाइप कसा कोरडा आहे. मग त्यांनी कपाटातून फाईल काढली, फीत सोडली, पानं उलटली आणि एका पानावर थांबले. ते म्हणाले, बाई, इथं तर तुमचं काम पूर्ण झालेलं आहे. पाणी चालू असल्याचं तुमच्याच वस्तीनं लिहून दिलंय. आणि त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. उतराई शब्द वाचल्यावर ते थांबले आणि म्हणाले, सुंदर लिहिलंय.

आईनं तो कागद मागितला. त्यांनी फाईलसकट पुढे सरकवला. तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, "हे तू लिवलंस?"

मी हो म्हटलं.

हौसाक्का माझ्या दुसऱ्या बाजूला बसली होती. ती जरा सरकली. एवढंच, बाकावर चार बोटं सरकली.

आई कारकुनांना म्हणाली, "साहेब, अक्षर माझ्या पोरीचं हाय. अंगठा माझा हाय. पाणी तेवढं न्हाय."

त्या गृहस्थांना खरंच वाईट वाटलं असावं. त्यांनी समजावून सांगितलं की पूर्ण झालेल्या कामावर पुन्हा खर्च करता येत नाही. आधीचं पत्र खोटं होतं असा नवा अर्ज द्यावा लागेल, मग चौकशी होईल, आणि खोटं लिहून दिल्याबद्दल अंगठे देणाऱ्यांनाच आधी विचारणा होईल. आई म्हणाली, होऊ द्या विचारणा. मी वही काढली. आईनं माझ्या हातावर हात ठेवला आणि वही मिटली. खाली फाटकाशी टाइपरायटर घेऊन एक म्हातारा बसायचा. तिनं त्याच्याकडून अर्ज टाइप करून घेतला. आणि अंगठा देण्याआधी त्याच्याकडून तो दोनदा वाचून घेतला. दोन्ही वेळा मी शेजारी उभी होते.

त्या अर्जाचं काय झालं ते सांगण्यासारखं काही नाही. चौकशीला कुणी आलं नाही. आई दर महिन्याला जात राहिली. माझ्याशिवाय.

घरी येऊन तिनं मला मारलं नाही, बोललीही नाही. वडिलांना सगळं कळल्यावर ते एवढंच म्हणाले की पोरगी लहान आहे. आई म्हणाली, शकी पण लहानच हाय. हौसाक्कानं वस्तीत सांगितलं, सांगणारच. पण भांडायला कुणी आलं नाही. व्हॉल्व्हवर मी गेले की बोलणं थांबायचं. माझा नंबर कुणी मारला नाही, उलट कधी कधी मलाच पुढे करायच्या, म्हणजे मी लवकर निघून जावं. भांडण परवडलं असतं.

आणि मग आई दुपारची हौसाक्काच्या घरी जाऊ लागली. मला आधी वाटलं, शकीची शुश्रूषा करायला. एक दिवस मधल्या पत्र्याच्या भोकातून आवाज ऐकला. शकी पडल्या पडल्या आईला अक्षरं शिकवत होती. अ, न, स ला दीर्घ ऊकार. माझी आई, जिच्या घरात वस्तीतलं सगळ्यात चांगलं अक्षर होतं, ती शेजारी जाऊन, मोडक्या खुब्याच्या मुलीकडून अक्षर शिकत होती. मी पत्र्याला कान लावून ऐकत बसायचे. शकी तिला शिकवताना चिडायची नाही. मी चिडले असते.

माझी शाळा पुरी झाली. त्या अक्षरावर मला पुढे एका कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर नोकरी लागली आणि निवृत्त होईपर्यंत मी तिथं होते. कुणाकुणाचे अर्ज माझ्या हातून नोंदले गेले. मी प्रत्येक अर्ज पूर्ण वाचायची. सहकारी हसायचे, तुला काय करायचंय वाचून, शिक्का मार. नाना वारले. वडील छातीच्या दुखण्यानं गेले, खाणीतल्या बहुतेक पुरुषांसारखे. खाणी बंद पडल्या. डोंगराखाली टॉवर झाले, आणि टॉवरसाठी मोठी पाइपलाइन आली. ती आमच्या वस्तीच्या कडेनंच न्यावी लागली म्हणून वाटेत वस्तीला दोन नळ मिळाले. आईच्या अर्जांनी नाही. त्या दिवशीही नारळ फोडला म्हणतात. आई गेली नाही. ती घरात सही गिरवत बसली होती, असं शेजारणीनं मला सांगितलं.

शेवटची चार वर्षं ती माझ्याकडे, नेरूळच्या फ्लॅटमध्ये होती. इथं नळ उघडला की पाणी येतं. इथं ते नेहमीच येत होतं; आम्ही व्हॉल्व्हवर फडकी बांधत होतो तेव्हाही इथल्या बागांना पाणी सुटत होतं, हे मला इथं राहायला आल्यावर कळलं. आई माझ्याशी नीट बोलायची, माझ्या मुलांना गोष्टी सांगायची. फक्त एक गोष्ट तिनं कधी केली नाही. मला काही वाचायला सांगितलं नाही. औषधाची चिठ्ठी, बँकेचं पत्र, गॅसचं पुस्तक, ती डोळ्यांजवळ धरून एक एक अक्षर लावत बसायची. तासभर लागला तरी. मी समोर बसलेली असायची.

आई गेल्यावर महिन्याभरानं मी कातळपाड्याला गेले. शकीला भेटायला. ती अजून तिथंच आहे, आता पत्र्याच्या जागी विटांचं घर आहे, पुढच्या खोलीत तिचं शिवणयंत्र. लग्न झालं नाही. हौसाक्काही गेली. शकीनं मला बसवलं, आईची चौकशी केली, शेवटी त्रास झाला का विचारलं. मी जे बोलायला गेले होते ते इतक्या वर्षांत इतक्या वेळा मनात जुळवलं होतं की बोलताना पाठ केल्यासारखं वाटलं. मी तिला सांगितलं की पत्रात काय होतं ते मला ठाऊक होतं. मी सगळं समजून लिहिलं होतं. मला माइकवर वाचायला मिळणार होतं म्हणून. ते पत्र नसतं तर पाणी आलं असतं, कुलूप लागलं नसतं, आणि तू त्या कडेला गेली नसतीस.

शकी एका ब्लाउजाच्या काठाचे टाके उसवत होती. ती ते उसवत राहिली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "तू लिहून ठेवलंस ना, त्याच रात्री मी भोकातून मागून घेतलं होतं तुझ्याकडून. आठवत नाय तुला. मी पण वाचलं. मला पण भारी वाटलं."

मला खरंच आठवत नव्हतं. मी विचारलं, मग आईला का नाही सांगितलंस, ती रोज तुझ्याकडे यायची.

"काय सांगणार? मी पण गप बसले म्हणून?" तिनं दोरा दातांनी तोडला. "आणि एक सांगू का. तुझ्या पत्रानं पाणी अडलं असं तुला वाटतं. पलीकडच्या पाड्यावर कुणाला लिहिता येत नव्हतं. तिकडे तर कोरा कागद नेला अंगठे घेऊन. त्यांना पण नळ नाय मिळाला. तू लिहिलं नसतंस तर दुसऱ्यानं लिहिलं असतं. तुला उगाच वाटतं, तुझ्यामुळे झालं. आमची कुणाची किंमतच नव्हती तेवढी."

ती रागानं बोलली नाही. हिशेब समजावून सांगावा तसं बोलली, जशी नववीत सांगायची. आणि मी, जिनं उभा जन्म ते ओझं वाहिलं, मला त्या क्षणी हलकं वाटलं नाही. आईनं माझ्यावरचा विश्वास ज्यापायी काढून घेतला ते पत्र असं कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं, हे ऐकून मला ते ओझं परत हवंसं वाटलं. आईला हे सांगायला हवं होतं, की सांगायला नकोच होतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

चहा झाला. शकीला उठायला त्रास होतो म्हणून कप मी मोरीत नेले आणि नळाखाली धरले. तोटी फिरवली. आत कुठेतरी हवा घरघरली, पाणी आलं नाही.

"आज नसतं," शकी बाहेरून म्हणाली. "दोन दिवसाआड येतं. पिंपातलं घे, पण जपून."